मिररचा वारस

मी, तंत्रनिकेतनाची निवृत्त ग्रंथपाल, वय एकोणसत्तर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. फुप्फुसांचा मात्र त्यांना देता आला नाही. मला कोणी धमकावलेलं नाही, गोड बोलून वळवलेलंही नाही. आयुष्यभर सभागृहांत उभं राहून मीच लोकांना वळवत आले. त्यातले किती वळले ते खाली दिसेलच. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

वकीलबाईंनी एक गोष्ट दोनदा बजावली: या कागदातून ज्याला काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याच्या वाट्याचं रद्द होतं. म्हणून मुलाने आणि कलम चारमधल्या गृहस्थांनी सहीपासून लांब राहावं.

कलम १. दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा आणि मागची अरुंद खोली मुलाला. त्याने विकलं तरी माझी हरकत नाही. त्याला या घरातला पंख्याचा आवाज कधीच आवडला नाही.

कलम २. पुस्तकं तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयाला. अट एकच, कपाटांना कुलूप नको. कुलूप लावणार असतील तर ती फुटपाथवर मांडावीत. निदान येणारा-जाणारा चाळेल तरी.

कलम ३. निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ माजी प्राचार्यांना परत. ते एक दिवसही चाललं नाही. याच गृहस्थांनी "इथे फुकट वाटपाचं दुकान नको" म्हणून माझं यंत्र प्रयोगशाळेतून बाहेर काढलं होतं. ते यंत्र घड्याळापेक्षा बरंच जास्त चाललं, हे त्यांना कळवावं.

कलम ४. मागच्या खोलीतलं यंत्र, त्याच्या बारा डिस्का आणि त्याचं काम.

काम काय ते सांगते, कारण मुलगाही ते विसरला आहे. जगात असे लोक आहेत जे संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात आणि कोणीही वापरावेत, उघडून पाहावेत, सुधारावेत म्हणून खुले ठेवतात. ते दूरदेशी साठवलेले असतात. आमच्याकडची लाइन बारीक होती. एक मोठा प्रोग्रॅम उतरवायला दोन दिवस लागायचे. म्हणून त्या साठ्याची हुबेहूब प्रत इथे ठेवायची, म्हणजे मिरर. दर सहा तासांनी तो मूळ साठ्याशी स्वतःला ताडून पाहतो आणि जुळवून घेतो. बावीस वर्षं मी तो चालवला. एकाने लिहून सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं कोणाला निव्वळ तारेच्या लांबीमुळे नाकारलं जाऊ नये, हे मी शेकडो सभांमधून सांगितलं. आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

दुसरा एक शब्द मात्र घ्यायचा आहे.

खांबापासून मागच्या खोलीपर्यंत तार ओढली ती टेलिफोन खात्यातल्या लाइनमननी. नऊ वर्षं आम्ही दोघांनी मिळून यंत्र सांभाळलं. मूळ साठ्यातून निघून गेलेल्या जुन्या गोष्टी ते वेगळ्या डिस्कांवर जपून ठेवायचे. "बाई, उद्या मूळच उडालं तर?" असं म्हणायचे. मी भर सभेत त्यांना भंगारवाला म्हटलं. "प्रत तंतोतंत हवी! मुळात नाही ते आपल्याकडे असणं म्हणजे अफवा!" टाळ्या पडल्या. मी त्यांच्या डिस्का त्यांच्याच हाताने पुसायला लावल्या आणि मुळात नसेल ते इथूनही आपोआप पुसलं जाईल, अशी आज्ञा यंत्रात घातली.

पडद्यावरचा मजकूर आपल्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. एकाच माणसाने लिहिलेला, आणि त्याची प्रत फक्त आमच्याकडे. दोन वर्षांनी तो माणूस गेला. घरच्यांनी त्याची साठवणीची जागा रिकामी केली. पुढच्या सहा तासांच्या आत आमच्या आज्ञाधारक यंत्राने आमचीही रिकामी केली. लाइनमनची धाकटी बहीण जन्मापासून आंधळी. ती याच प्रोग्रॅमवर रोज वर्तमानपत्र ऐकायची. महिन्याभरात तिचा संगणक बिघडला आणि ते आपली प्रत मागायला आले. मी फोल्डर उघडून दाखवला. नाव होतं, आत काही नव्हतं.

"तंतोतंत आहे, बाई," ते म्हणाले आणि निघून गेले. बहीण पुढे चार वर्षं जगली. वर्तमानपत्र शेजारणीला सवड असेल तेव्हा. गेली अकरा वर्षं त्यांनी या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही.

म्हणून हे यंत्र मी त्यांना देते. ती आज्ञा मी त्याच आठवड्यात काढून टाकली होती. सांगायचं धाडस आज होतं आहे.

कलम ५. त्यांनी नाकारलं तर यंत्र बंद करावं. मुलगा म्हणतो, "आई, आता कोण येतं गं तुझ्याकडे? मोठ्या कंपन्यांकडून मिनिटात मिळतं सगळं." खरं आहे. गेल्या महिन्याच्या नोंदी मी पाहिल्या. बहुतेक भेटी मिररांची यादी सांभाळणाऱ्यांच्या तपासणीच्या. मी जिवंत आहे का, एवढंच त्यांचं यंत्र विचारतं. खरी गिऱ्हाइकं अकरा, सगळी जुनी. पण त्या अकरांच्या तोंडावर दार आपटायचं नाही. आधी यादीवाल्यांना लिहून आपलं नाव काढून घ्यावं. मग तीस दिवस (आधी 'पंधरा' लिहिलं होतं, खाडाखोड माझी) यंत्र चालू ठेवावं. कोणी काही उतरवत नाही हे पाहूनच बंद करावं. प्लग ओढू नये. डिस्का पुसू नयेत. लपवण्यासारखं त्यात कधीच काही नव्हतं.

इथवर लिहून मी लाइनमनना निरोप धाडला. आज दुपारी ते आले. समोरचे केमिस्ट साक्षीसाठी बसलेलेच होते. लाइनमननी उभ्या उभ्या सगळं वाचलं.

"हे पंधरा दिवस कोणी ठरवले?"

"मीच."

"कमी आहेत. गिऱ्हाइकांची जुनी यंत्रं मिररांची जुनीच यादी धरून बसतात. महिना करा."

मी केला. "आणि कलम चार?"

"वाचलं की."

"थोडं बोलू का त्यावर?"

"नको बाई. मागचं भाषण अजून पचलेलं नाही." मग त्यांनी हात पुढे केला. "पेन द्या."

"अहो, साक्षीदाराला काही मिळत नाही."

"पहिल्याच पानावर लिहिलंय तुम्ही. मला वाचता येतं."

दुसऱ्या साक्षीदाराची जागा खालच्या शिंप्यासाठी ठेवली होती, ती यांनी घेतली. आता कलम चार संपलं. कलम पाच लागू.

ठिकाण: मागची खोली
दिनांक: ९ मार्च २०२५

सही: निवृत्त ग्रंथपाल

आम्हा दोघांच्या देखत बाईंनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: समोरच्या दुकानाचे केमिस्ट

साक्षीदार २: निवृत्त लाइनमन
(सहीखाली त्यांच्या अक्षरात: तिसाव्या दिवशी मला बोलवा. बंद मी करीन.)