दुसऱ्या मुक्कामाचं पातेलं

प्रिय लवंग,

डोंगरावरून परत येऊन बारा दिवस झाले. तुझे चार फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. रागावू नकोस. पाय दुखत नाहीत, सर्दी-पडसंही नाही. दुसऱ्या मुक्कामावर मी जे पातेलं रांधलं, त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. समोरासमोर बोलायला गेले तर मी नक्की विषय बदलीन, म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी आपण किती मजेत चाललो. निघतानाच तू मसूर पाण्याच्या बाटलीत भिजत घातलेस आणि ती बाटली माझ्या पाठीवरच्या पिशवीला बांधलीस. दिवसभर माझ्याबरोबर डुचमळत ते टम्म फुगले. वर उंचावर डाळ शिजता शिजत नाही, म्हणून पस्तीस वर्षं आपण असंच करतो आहोत. तळ्याकाठच्या पत्र्याच्या निवाऱ्यात पोचलो तेव्हा तुझा गुडघा सुजला होता. तू भिंतीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, ढब्बू, आज स्वयंपाक तुझा, मी फक्त नावं ठेवणार. मी कांदा परतला, गाजर-बटाटे टाकले, मग मसूर, दोन मुठी तांदूळ आणि ठेचलेली मिरी. वाऱ्याने स्टोव्हची ज्योत आडवी होत होती, तर तू बसल्या जागेवरून चटईचा आडोसा धरलास आणि वर मलाच म्हणालीस, लवकर आटप, हात भरून आला.

नावं ठेवण्याचा तो नियम बोर्डिंगमधल्या सिस्टरांचा. जी अन्नाला नावं ठेवील, ती भांडी घासेल. बाकी आम्ही सगळ्या मुकाट्याने गिळायचो. तू एकटी उभी राहून सांगायचीस, सिस्टर, आजचं सूप म्हणजे फडकं पिळलेलं पाणी आहे, आणि बाह्या वर करून मोरीकडे चालू लागायचीस. पुढे तो नियम आपल्याबरोबर डोंगरावर आला. माझा भात एकदा तुझ्या मते भिंत लिंपायच्या लायकीचा होता. इतक्या वर्षांत तू माझ्या हातच्या जेवणाला एकदाही बरं म्हटलं नाहीस आणि प्रत्येक पातेलं तूच घासलंस.

त्या संध्याकाळी पहिल्याच घासाला माझी जीभ आखडली. मिठाची डबी पाहिली. चार दिवसांचं मीठ, आणि डबी रिकामी. एकदा घातलेलं मला आठवत होतं. बाकीच्या वेळा आठवत नाहीत, लवंग, अजूनही नाहीत. मी तुझ्याकडे पाहिलं. आता तू समुद्राबद्दल काहीतरी बोलणार, म्हणून मी उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं होतं. तू घास गिळलास, घोटभर पाणी प्यालीस आणि म्हणालीस, छान झालंय गं. त्या तीन शब्दांनी मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. मग आपण दोघींनी ते तळापर्यंत संपवलं, एकमेकींकडे न बघता. आणि तो सुजलेला गुडघा घेऊन तू पातेलं घासायलाही गेलीस.

घरी आल्यापासून एकच विचार मनात घोळतो आहे. तू हे पहिल्यांदाच पाहिलं असतंस, तर हसून लोळली असतीस. छान म्हणालीस, म्हणजे आधीही काहीतरी पाहिलं आहेस. कधीपासून मला सांभाळून घेते आहेस? सून म्हणते, आई हल्ली जरा वेंधळ्या झाल्यात. मुलगा म्हणतो, वयाने होतं. मी दोघांच्याही हो ला हो म्हणते.

सोमवारी सकाळी साडेदहाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. त्यांनी एक फॉर्म दिला आहे. त्रास केव्हा सुरू झाला, काय काय घडलं, हे जवळच्या माणसाने सांगायचं आहे. मुलाचं नाव लिहायला पेन उघडलं, पण तो मला वाईट वाटू नये म्हणून गोड गोड तेवढंच सांगेल. तिथे तुझं नाव लिहिलं आहे. ये, आणि माझ्या शेजारी बसून त्यांना सगळं सांग, आठवतील तेवढ्या तारखांसकट. मी मध्येच रडायला लागले, तरी थांबू नकोस.

तुझीच,
ढब्बू