ब्याण्णव पानांनंतर

महाळुंगे पडवळ,
रविवार, सकाळचे सव्वासात

आदरणीय ज्ञानेश्वर दाजी,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे चांगदेवचा, तुम्हाला आणि आक्काला वाकून नमस्कार. इकडे सगळी बरी आहेत. तिकडचं नुसतं गृहीत धरणं मला जमत नाही, म्हणून स्पष्ट विचारतो: तुमचा गुडघा (उजवाच ना? मागच्या वेळी पायरी चढताना हात उजव्यावर होता) आता कसा आहे? आणि आक्का साखरेची गोळी जेवणाआधी घेते की नंतर? डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवा, तिच्या आठवणीवर सोडू नका. फोन न करता पत्र लिहितोय याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या रद्दीच्या दुकानात फोन लावला की निम्मं बोलणं आळेफाट्याच्या ट्रकांच्या हॉर्नमध्ये जातं आणि उरलेल्या निम्म्यावर तुम्ही "हं, हं" म्हणता. (पाकिटावरची आपली दोघांची नावं बघून पोस्टातल्या बाई दर खेपेला विचारतात, आत कोरा कागद तर नाही ना म्हणून. नाही. दोन्ही बाजूंनी भरलेला आहे.)

विषय पुस्तकांचा आहे. श्रावणात मी तुम्हाला एक पत्र पाठवलं होतं, त्यात "रद्दीवाल्याकडून रद्दीच यायची" असं एक वाक्य होतं. त्या वाक्याकडे मी शेवटी येईन. आधी झालं ते क्रमानं सांगतो, कारण क्रम सोडून सांगितलेली गोष्ट मला स्वतःलाही पटत नाही.

जूनमध्ये शाळेला एक नवं लोखंडी कपाट मिळालं आणि प्राची मॅडमनी (नव्या आल्यात, जुन्नरच्या, स्कूटी चालवतात, पण हेल्मेट घालून) पालकांच्या सभेत विचारलं, की पाचवी ते सातवीच्या पोरांना आवडतील अशी पुस्तकं निवडायला कोण मदत करील? सगळे वर पंख्याकडे बघायला लागले. मी उठलो. सभेत माझ्यापेक्षा जास्त शिकलेले सात जण होते, एक तर एमएस्सी, पण मी उठलो. नववीत शाळा सुटलेला माणूस मोटारीचं वाइंडिंग, माती परीक्षण आणि सातबारावरच्या चुका काढणं हे सगळं पुस्तकं वाचून शिकतो, तेव्हा पुस्तकांच्या बाबतीत त्यानं उठायचं नाही तर कुणी उठायचं? हे मी सभेतही बोललो. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच.

खरं कारण मात्र मी सभेत बोललो नाही. खरं कारण आमची श्रेया. पाचवीपर्यंत पोरगी किराण्याच्या पुड्याचा कागदसुद्धा सोडवून वाचायची, माझ्यासारखीच. गेल्या वर्षी सहावीत गेली आणि एकाएकी थांबली. वाचायला दिलं की पुस्तक मांडीवर, नजर भिंतीवर. मी विचारलं की म्हणायची, "वाचते ना." पान तेच असायचं, मी आकडा बघून ठेवायचो. दाजी, जमीन तिला मिळेल तेवढी मिळेल, त्याचं काही नाही. पण माझ्याकडे माझं स्वतःचं असं देण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे वाचायची खोड. ती तिनं घेतली नाही तर माझ्यामागं ती कुणाकडेच राहत नाही. म्हणून मी उठलो.

मंचरला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. मी तीन दिवस गेलो, सोबत वही, फूटपट्टी आणि भिंग घेऊन. कागद जाड हवा, शिवण पक्की हवी, अक्षर डोळ्यांना त्रास देणारं नको, गोष्टीतून पोराला काही घेता यावं आणि माहितीत चूक नको. शेवटच्या अटीवर किती पुस्तकं पडली ते विचारू नका. एका चित्रात बाई कांद्याची रोपं लावत होती, मुळं वर करून. एकात बिबट्या डोंगराच्या टोकावर बसून सिंहासारखी डरकाळी फोडत होता. आमच्याकडे बिबट्या उसात राहतो आणि लाकडावर करवत चालवावी तसा आवाज काढतो, हे महाळुंग्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दुकानदाराला मी तसं दाखवून दिलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही घ्या न्हाई तर राहू द्या, पण बिबट्याला बोलवू नका." एकंदर एक्केचाळीस पुस्तकं माझ्या कसोटीला उतरली. त्यांना खाकी कव्हरं घातली, पाठीवर नंबर टाकले, कपाटात उंचीप्रमाणे लावली. श्रेयाला मुद्दाम दाखवायला नेलं. ती म्हणाली, "छान दिसतायत." (दिसतायत. शब्द लक्षात ठेवा.)

आणि त्याच आठवड्यात तुमची गोणी आली. मीच मागितली होती हे कबूल, पण मी "मुलांची पुस्तकं" मागितली होती आणि आलं ते पुस्तकांचं हॉस्पिटल. कुणाला कव्हर नाही, कुणाच्या पाठीचा डिंक गेलेला, एका राजाला पेनानं मिशा आणि राणीलाही, चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळं, हळदीची बोटं, एकात तर चपटा झालेला शेंगदाणा. त्याच संध्याकाळी तुम्हाला ते वाक्य गेलं.

आता यातली माझी खरी चूक सांगतो, आणि ही चूक कांदेवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. बराखीत कांदा साठवला की आपली रीत काय? ज्याला कोंब फुटायला लागलाय, काजळी धरलीय, तो आधी बाहेर काढायचा. टणक, पत्ती चकचकीत, तो मागं ठेवायचा. मी मॅडमना तेच सांगितलं. आधी गोणीतला माल वाटून संपवा, खराब होईल तर ते होऊ द्या. चांगलं कपाट कुलूप लावून ठेवू, गणपती झाल्यावर उघडू. किल्ली माझ्याकडे. मॅडम म्हणाल्या, "बरं काका," आणि खिडकीबाहेर बघून हसल्या. ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

गणपती झाले. कपाट उघडलं. तीन आठवड्यांत माझ्या एक्केचाळिसांपैकी चार पुस्तकं बाहेर गेली, त्यातलं एक आदेशनं नेलं (सातवीतला, आमच्या शेजारचा) आणि ते मला त्यांच्या कॅरमच्या एका पायाखाली सापडलं. तिकडे तुमच्या गोणीतल्या पुस्तकांसाठी पोरं नंबर लावत होती. मी आदेशला धरलं. म्हटलं, का रे, इतकं चांगलं पुस्तक, काय वाईट आहे त्यात? तर म्हणतो, "वाईट काय न्हाई काका. पण पहिल्याच पानावर कळतंय, शेवटी पोरगं शहाणं व्हणार. मग मधलं कशाला वाचायचं?"

मी घरी येऊन हे श्रेयाला सांगितलं, ती माझी बाजू घेईल अशा हिशेबानं. ती म्हणाली, "पप्पा, आमी वर्गात कव्हर बघतो. खाकी असलं की समजायचं, तुमी निवडलंय. मग नको."

दाजी, हे वाक्य मी बराखीत जाऊन कांदे निवडायला बसलो तरी कानात होतं. चार दिवस होतं. रागवायची सोय नव्हती, कारण तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं.

मग मी मला जे येतं ते केलं. परत आलेली तुमची पुस्तकं शाळेतून घरी आणली, भिंग घेतलं आणि मळ तपासला. हसू नका. मळाला जागा असते. एका पुस्तकाची पहिली नऊ पानं स्वच्छ, सदतिसाव्यापासून बोटांचे डाग वाढत जातात, एक्केचाळिसाव्यावर सगळ्यांत जास्त, पानाचा कोपरा तर झिजून गोल झालाय. एक्केचाळिसावं पान वाचलं. एक मास्तर म्हशीच्या पाठीवर बसून पाहुण्यांच्या मांडवात शिरतो. मी एकटा असून हसलो. दुसऱ्या पुस्तकात दोन पानं पाण्यानं फुगलेली. तिथं एका पोराचं कुत्रं हरवतं. ते पाणी नळाचं नव्हतं, हे मी भिंगाशिवाय सांगतो. म्हणजे ज्याला मी काजळी समजत होतो ती पावती होती. तुमच्या दुकानात गोणी भरण्याआधी पंधरावीस पोरांनी ही निवड आधीच करून ठेवली होती, आणि मी फूटपट्टी घेऊन मंचरला गेलो होतो.

आणखी एक, हे फक्त तुम्हाला. मी सगळ्यांना सांगत आलोय की लहानपणी मी थोर माणसांची चरित्रं वाचून घडलो. ती मी एकोणिसाव्या वर्षी वाचली. अकराव्या वर्षी मी गवताच्या गंजीत लपवून एक भुताचं पुस्तक वाचायचो, त्याला कव्हर नव्हतं आणि त्यातल्या भुताला तंबाखूत चुना मळायची सवय होती. किती वेळा वाचलं असेल ते माझ्या वहीत नाही. हे मी इतकं पक्कं विसरलो होतो की मला तो खोटेपणाही वाटत नव्हता.

परवा बराखीत श्रेया एका बाजूला बसून निवडत होती, म्हणजे एक हात कांद्यात आणि दुसऱ्यात पुस्तक. तुमच्याच गोणीतलं. कव्हर नाही, त्यामुळे नाव माहीत नाही. तीन मुली, एक बंद पडलेलं गुऱ्हाळ आणि रात्री तिथं कुणीतरी गूळ शिजवतंय. ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी ते उचललं, चुका काढायलाच. दोन सापडल्या (काकवी इतक्या लवकर होत नाही, आणि कढईखालच्या चुलवाणाचं तोंड त्या दिशेला नसतं). तिसरी शोधता शोधता ब्याण्णवाव्या पानावर पोचलो. पानाच्या शेवटी ओळ अशी: "तिनं कडी काढली, दार ढकललं, आणि समोर". पुढं काही नाही. पानंच नाहीत! मी ओरडलो. श्रेया दारात उभी होती, बहुतेक बऱ्याच वेळापासून.

"कळलं ना आता?" ती म्हणाली.

मी म्हटलं, यात कळायचं काय, दाराआड तिचा चुलता आहे, एकतिसाव्या पानावर त्याच्या वहाणेला राख लागलेली आहे.

"पप्पा, तसं नसतंय. ती राख मुद्दाम सांगितलीय, तुमच्यासारख्यांला फसवायला."

"माझ्यासारख्यांना म्हणजे?"

"लई बारकाईनं बघणाऱ्यांला," ती म्हणाली, आणि दाजी, ती हसली. मग आम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत भांडलो, कांदे तसेच राहिले आणि आमच्या मंडळींनी दोघांचाही उद्धार केला. श्रेयानं ते पुस्तक चार वेळा वाचलेलं आहे. मला पान क्रमांक बघून ठेवायची गरज पडली नाही.

तर ते श्रावणातलं पत्र. तुमच्याकडे ते असेल तर फाडू नका, दुकानातच टाका, कुठंतरी भज्यांना उपयोगी येईल. दुकानदारीतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मी मान्य करतो, रद्दीपुरतं. आक्काला नमस्कार सांगा आणि गुडघ्याला निरगुडीचा शेक द्या, चांगला ऊन ऊन, पण भाजेल इतका नको.

तुमचा,
चांगदेव

ता. क. पत्र मुख्यतः यासाठी लिहिलं. ती हरवलेली पानं शोधा. सोळा सोळा पानांचे सहा फर्मे धरले तर पुस्तक शहाण्णवचं, म्हणजे चारच पानं, दोन कागद. लांबी सात इंच, रुंदी पावणेपाच, शिवणीचा दोरा निळा. दुकानातल्या प्रत्येक गठ्ठ्यात बघा, गुडघ्यामुळे वाकता येत नसेल तर गठ्ठा टेबलावर घ्या. आणि पुढची गोणी पाठवाल तेव्हा त्यातल्या त्यात मळकी निवडा. स्वच्छ पुस्तक आलं तर परत पाठवीन.

आणखी एक ता. क. आठ दिवस झाले, पत्र चिकटवायचं राहिलंच, तेवढ्यात श्रेयानं ते वाचलं आणि मला पुस्तकाचा शेवट उघडायला सांगितलं. त्या पुस्तकाच्या शेवटी मी कोरे कागद शिवले होते, पानं सुटू नयेत म्हणून. काल उघडून बघतो तर त्यावर शेवट लिहिलेले आहेत, तिचा, आदेशचा, आणखी नऊ पोरांचा. प्रत्येकाच्या दाराआड वेगळा माणूस. एकाच्या दाराआड तर मी आहे, हातात भिंग घेऊन. (चुलवाणाचं तोंड मात्र एकानंही दुरुस्त केलेलं नाही.) तेव्हा पानं सापडली तर इकडे पाठवू नका. दुकानातल्या लोखंडी पेटीत ठेवा. फक्त मला एकट्याला फोन करून एवढंच सांगा, चुलता आहे की नाही.

शेवटचं. नको, मलाही सांगू नका. ती रोज संध्याकाळी भांडायला माझ्याशेजारी येऊन बसते.