तुझा कॉम्प्युटर निर्दोष आहे

चिरंजीव,

कुलूप उघडू नकोस; चिठ्ठी मुद्दाम दाराबाहेर लावली आहे.

तुझा कॉम्प्युटर कालपासून खेळता खेळता हँग होतो, त्याला ग्राफिक्स कार्ड जबाबदार, हे तुझे म्हणणे. तुझे खेळच जबाबदार, हे माझे. दोघेही चुकलो. आज तो मी स्वयंपाकघरातल्या प्लगवर चालवून पाहिला. एकदाही अडला नाही. मग तुझ्या खोलीतला प्लग तपासला, तर त्यामागची भिंत तापलेली होती. मेन स्विच बंद केला, तरी ती निवण्याऐवजी अधिकच तापत गेली. म्हणजे दोष आपल्या वायरीत नाही. भिंतीपलीकडे, मास्तरांच्या घरात, काहीतरी जळते आहे; भिंतीला टेकलेला तुझा कॉम्प्युटर त्याच धगीने अडत होता.

मास्तर दार उघडत नाहीत. काल तू गेमचा आवाज एवढा वाढवलास, तरी त्यांनी भिंत ठोठावली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. अग्निशमन दलाला कळवले आहे. दार फोडायला वॉचमनला आणायला खाली जातो आहे.

आजीला समोरच्या बागेत बसवले आहे. तिच्यापाशी थांब, निदान आज तरी माझ्याशी वाद घालू नकोस. ती मास्तरांची चौकशी करील. ते बाहेरगावी गेले आहेत, असे सांग.

— बाबा