रिकाम्या ताटल्यांची वही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय बहात्तर पूर्ण, अविवाहित, मोठ्या रुग्णालयाच्या आहार विभागाची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण तो वयाने. कोणी धरून माझ्याकडून काही लिहून घेतलेले नाही. येत्या मंगळवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. काळजीचे कारण नाही, असे शल्यचिकित्सक म्हणतात. हे वाक्य मी स्वतः इतक्या जणांना ऐकवले आहे की त्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. म्हणून आज शुक्रवारी लिहायला बसले. यापूर्वी केलेले कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे. मी एकही केलेले नाही, पण असे लिहावे लागते.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यातल्या सर्व सामानासह, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावे. सध्या ती माझ्याच जुन्या खुर्चीवर, आहार विभागाची प्रमुख म्हणून बसते. मला मूलबाळ नाही. होते तर ते तिच्याहून वेगळे नसते. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी.

कलम २. आरामखुर्ची भावाला. कित्येक वर्षे त्याचा तिच्यावर डोळा आहे. ती बसण्यासाठी आहे, वर चढून दिवा बदलण्यासाठी नाही, हे त्याला मी हयातभर सांगितले आणि आता लेखी देते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या प्रेशर कुकरचे झाकण नेले त्याला सहा वर्षे झाली. कुकर माझ्याकडे, झाकण त्यांच्याकडे. झाकण परत मागू नये. कुकरही त्यांनाच देऊन टाकावा, म्हणजे निदान कोणाचे तरी अन्न शिजेल.

कलम ३. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी तो कामी येईल.

कलम ४. स्वयंपाकघरातल्या सर्वात वरच्या फळीवर एक लाकडी खोके आहे. त्यात तबकडीचा एक वजनकाटा, दंडाचा घेर मोजायची फीत आणि स्टीलच्या चौदा ताटल्या आहेत. प्रत्येक ताटलीच्या पाठीवर तिचे रिकामे वजन खिळ्याने कोरलेले आहे. ताटल्या रुग्णालयाच्या होत्या. मोडीत निघाल्या तेव्हा मी घरी आणल्या. चोरी म्हणायची तर म्हणावी. ताटल्यांखाली तपकिरी पुठ्ठ्याची एक वही आहे. खोके भाचीला द्यावे. वहीबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयात एक अभ्यास झाला. यकृताच्या आजाराने खंगलेले एकशे चौऱ्याऐंशी रुग्ण, दोन वर्षे. निम्म्यांना वॉर्डातले नेहमीचे जेवण, निम्म्यांना त्याशिवाय रोज दोन अंडी, अर्धा लिटर दूध आणि एक वाटी डाळ. जादा आहाराने माणसे लवकर सावरतात का, कमी दगावतात का, एवढाच प्रश्न होता. अभ्यास विभागप्रमुखांच्या नावाने होता. आम्ही त्यांना सर म्हणायचो. काम माझे. ताटली वाढून जाताना तिचे वजन करायचे, परत आली की पुन्हा करायचे. मधला फरक म्हणजे रुग्णाच्या पोटात गेलेले अन्न. निदान मी तसे धरून चालले होते.

सुरुवातीला ताटल्या अर्ध्याअधिक भरलेल्या परत येत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या दुधा-अंड्यांसाठी मी किती जणांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मग मी वॉर्डात उभी राहून बजावले, की जो अन्न टाकेल त्याचे नाव अभ्यासातून काढून टाकीन. आठवडाभरात ताटल्या चाटूनपुसून येऊ लागल्या. मी शाबासकी देत फिरत असे.

गंमत अशी, की ताटल्या रिकाम्या झाल्या तरी रुग्णांचे दंड भरेनात. फीत रोज तोच आकडा दाखवी. आजार अन्न खाऊन टाकतो, असे मी तेव्हा नोंदवले. खाटेशी बसलेल्या बायकांचे, आयांचे, भावांचे चेहरे मात्र बरे दिसू लागले होते. तेही मला दिसले होते, पण नातेवाईकांच्या चेहऱ्यांसाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

अभ्यासाचे शेवटचे पंधरा दिवस उरले होते. एके दुपारी ताटल्या गोळा करणाऱ्या गाडीचे चाक निखळले, म्हणून मी स्वतःच वीस मिनिटे आधी वॉर्डात गेले. चौदा नंबरच्या खाटेवर एक रंगारी होता, घरे रंगवणारा. तो डोळे मिटून पडला होता आणि त्याची बायको भिंतीकडे तोंड करून भराभर त्याची अंडी खात होती. मला पाहून तिने घास गिळला आणि ताटली पुढे केली, रिकामी.

"बाई, त्यांना दोन घासांवर जात नाही," ती म्हणाली. "ताटली भरलेली दिसली तर तुम्ही नाव काढाल. मग जे घोटभर दूध पितात तेही जाईल. फेकत नाही हो मी, खाते. मला तरी इथे कोण जेवायला देतंय? कुणाला सांगू नका."

सांगणार नाही, असे मी तिला म्हटले. पुढच्या आठवड्यात जादा आहारावरच्या नऊ रुग्णांच्या नातेवाईकांना मी आवाज न चढवता, खाली बसून विचारले. सात जणांनी कबूल केले. कोण, कितव्या खाटेचे, अंदाजे किती खात होते, ते सगळे तपकिरी वहीत आहे. म्हणजे जादा आहार फुकट गेला की कामी आला, हे आम्हाला कळलेच नव्हते. तो रुग्णांच्या पोटात गेलाच नव्हता.

वही घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी उभ्याउभ्या चार पाने चाळली. नऊ जणांच्या गप्पांसाठी दोन वर्षांचे काम पाण्यात घालायचे का, असे विचारले, आणि म्हणाले, "वही घरी ठेवा बाई. कपाटात नको." मी घरी ठेवली. निबंध छापून आला: जादा आहाराने यकृताच्या रुग्णांच्या परिणामात फरक पडत नाही. त्याच वर्षी त्या वॉर्डातले जादा दूध आणि अंडी बंद झाली आणि मी विभागाची प्रमुख झाले. सर आता हयात नाहीत. सगळे त्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ताटल्यांचे वजन मी करत होते आणि धाकही मीच घातला होता. रंगाऱ्याच्या बायकोला दिलेला शब्द पाळते आहे, अशी मी पुढे कित्येक वर्षे स्वतःची समजूत काढली.

कलम ५. हे कलम लिहिताना तीनदा उठले.

सतरा वर्षांपूर्वी माझी भावजय, म्हणजे भाचीची आई, यकृताच्याच आजाराने त्याच वॉर्डात दाखल झाली. पाच आठवडे होती. भाऊ माझ्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तिला अंडं, दूध, काही वाढवून देता येईल का? घरून आणू का?" मी त्याला सांगितले की फरक पडत नाही, अभ्यास झालाय. त्याने मान डोलावली. मी सांगितले म्हणजे झाले, असा त्याचा स्वभाव. भावजयीचा दंड मी स्वतः फितीने मोजत होते आणि दर आठवड्याला तो कमी भरत होता.

जादा आहाराने ती वाचली असती असे मी म्हणत नाही. मला माहीत नाही. "माहीत नाही" हेच त्या अभ्यासाचे खरे उत्तर होते, आणि ते उत्तर मी भावाला दिले नाही. तो घरून अंडी घेऊन आला असता. तेवढे तरी त्याच्या हातून झाले असते.

भाची तेव्हा बावीस वर्षांची होती. आईसाठी काही करता आले नाही म्हणून तिने आहारशास्त्र घेतले. शिकवले मी.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर भाचीने वही वाचावी, आणि ज्या नियतकालिकात निबंध छापून आला त्याच्या संपादकांना खरा प्रकार कळवावा. त्यांच्यासाठी माझ्या सहीचे पत्र वहीतच ठेवले आहे.

शुक्रवारी इथवर लिहून थांबले.

आज शनिवार. कलम ६ मी रद्द करते. कारण लिहिते.

गुरुवारी भाचीचा फोन आला होता. आवाजात उत्साह होता. सोमवारी अकरा वाजता रुग्णालयाच्या समितीची बैठक आहे. दीर्घकाळ दाखल असणाऱ्या सगळ्याच वॉर्डांतला जादा आहार बंद करावा, असा प्रस्ताव आहे, आणि त्याला आधार म्हणून आमचा अभ्यास जोडला आहे. तो मांडणार भाची. "आत्या, तुझं काम पुन्हा वर येतंय," ती म्हणाली. मी तिला विचारले की जेवलीस का. म्हणूनच मी मृत्युपत्र लिहायला घेतले, गाठ हे निमित्त.

बैठक सोमवारी, शस्त्रक्रिया मंगळवारी. माझ्या मृत्यूनंतर वही उघडेपर्यंत ताटल्या उचललेल्या असतील, आणि प्रस्तावावर सही असेल तिची. हा हिशेब मला शुक्रवारीच कळत होता. कळत असूनही मी "माझ्या मृत्यूनंतर" असे लिहिले, कारण तेव्हा तिचा चेहरा पाहण्याची पाळी माझ्यावर येणार नव्हती. याला भित्रेपणा म्हणतात. तो मी सव्वीस वर्षे केला आणि मरणोत्तरही चालू ठेवायला निघाले होते.

आज दुपारी ती माझी रुग्णालयात न्यायची पिशवी भरायला आली. टॉवेल, चप्पल, चष्म्याचे घर, सगळे नीट लावले. मग मी स्टुलावर चढून खोके काढू लागले तेव्हा ती ओरडली आणि तिनेच ते उतरवले. मी वही तिच्यापुढे ठेवली आणि समोर बसले.

तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. माझ्याच शिकवणीप्रमाणे, बोट ठेवून, एकेक आकडा. पाऊण तास गेला. मग तिने विचारले,

"आई दाखल होती तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"बाबांनी तुला विचारलं होतं ना?"

"हो. मी नको म्हटलं."

तिने वही मिटली, आपल्या पर्समध्ये घातली आणि उठली. दारात चप्पल घालताना तिला पट्टा लावता येईना. मी पुढे झाले तर तिने हात आडवा धरला. मग ती गेली.

कलम ७. आज रविवार. बँकेतली माझी सर्व शिल्लक रुग्णालयाच्या आहार विभागाला द्यावी. तिचा उपयोग एकाच कामासाठी करावा: तोच अभ्यास पुन्हा करण्यासाठी. करणाऱ्याने ताटलीकडे नाही, रुग्णाच्या तोंडाकडे बघावे. जेवण होईपर्यंत खाटेशेजारी बसावे, घाई करू नये, कोणाला धाक घालू नये, आणि टाकलेले अन्न दिसले तर आनंदाने लिहून घ्यावे. रुग्णासोबतच्या माणसालाही एक ताटली वाढावी, वेगळी. तिचे वजन करू नये.

कलम ८. दुपारपर्यंत फोन आला नाही. मी दोनदा उचलून ठेवला. रुग्णालयाच्या अर्जावर "जवळचे नातेवाईक" या रकान्यात मी भाचीचे नाव लिहिले आहे. ते मी खोडलेले नाही, पण त्याचा आधार घेऊन मंगळवारी तिला कोणी बोलावू नये. कलम १ मात्र जसेच्या तसे राहील. ती आली नाही, बोलली नाही, भर बैठकीत तिने मला खोटारडी म्हटले, तरी घर तिचेच. त्याला कसलीही अट नाही. भावाला मी आज सकाळी फोन करून सर्व सांगितले. मग त्याने विचारले की ताई, ती अंडी खाऊ शकली असती का गं. मी म्हटले, मला माहीत नाही. त्याने फोन ठेवला.

कलम ९. शेवटचे. सही करण्यासाठी साक्षीदार येऊन बसले होते, तेव्हा, चार वाजून दहा मिनिटांनी, भाचीचा फोन आला. ती जे बोलली ते शब्दशः लिहिते, कारण पुढे मला ते बदलून आठवेल.

"प्रस्ताव मी मागे घेतलाय. उद्या अकराला बैठक आहेच. वही माझ्याकडे आहे, पण ती मी मांडणार नाही, तू मांडायची. सगळ्यांसमोर, उभं राहून. बाबा पण येणार आहेत. मी तुला न्यायला येणार नाही, आत्या. तुझी तू ये."

मी येते म्हणाले. तिने लगेच फोन ठेवला नाही. तिकडून काही ऐकू येत नव्हते, पण ती होती. मीही ठेवला नाही. साक्षीदार खाली बघत बसले होते.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली. त्यांनीही माझ्या देखत आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरचे औषध दुकानदार
साक्षीदार २: (सही) शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: रविवार, १४ सप्टेंबर २०२५