बस्त्याच्या दिवशी मी बाहेर का बसलो

प्रिय अक्षता,

सप्रेम जय भीम. पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुझं लग्न बुद्ध पौर्णिमेनंतर झालं, आता कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. मधल्या काळात तीनदा लिहायला बसलो. एकदा अक्षर फार वाईट आलं म्हणून फाडलं, एकदा तुझी आई दीपमाला काय लिहिताय म्हणून विचारायला आली आणि मी कागद उशीखाली सारला, तो तिथंच चुरगळला. तिसऱ्यांदा नुसतं नाव लिहून बसलो. मी चौथी शिकलेला माणूस, चुकलं असेल ते सुधारून वाच. पत्ता तुझ्या बापाच्या, भारतच्या मोबाइलमधून उतरवून घेतला आहे. पिनकोड दोनदा ताडून पाहिला, तरी पत्र पोचेल की नाही ही धास्ती आहेच. पुण्यात एका नावाच्या चार चार गल्ल्या असतात म्हणे. फोन केला असता, पण तू माझा फोन उचलत नाहीस. भारत म्हणतो, तिला नोकरीत सवड नसते. त्याचा उचलतेस, आईचा उचलतेस, एवढं मला कळतं.

इकडं बाकी ठीक आहे. तुझ्या आजीचं जेवण कमी झालं आहे, अर्धी भाकर पुरते. त्याबद्दल पुढं लिहितो. आधी बस्त्याच्या दिवसाचं लिहिलं पाहिजे. ते लिहिल्याशिवाय बाकीचं तू वाचणार नाहीस.

मंठ्यालाच बस्ता बांधायचा हे तुम्ही ठरवलं, कारण परतूरच्या सोयऱ्यांना आणि आपल्याला ते मध्ये पडत होतं. दुकान तू निवडलंस. सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, आबा, ते नवीन दुकान आपल्यासाठी बरं, तिथं शेटची गादी न्हाई, म्हणून वर कोण बसलं अन् खाली कोण, हा प्रश्नच न्हाई. तुझं म्हणणं खरं होतं. मी मानही डोलावली होती. तुझी आजी गुडघे दुखतात म्हणून घरी राहिली. क्रुझरमध्ये मी पुढं बसलो, नवा सदरा घातला होता. आपल्या घरात बस्त्याचं पहिलं कापड मोठ्या माणसानं हात लावून बाजूला काढायचं, म्हणून नवरीची पांढरी साडी माझ्या हातानं निघायची होती, हे मला पाठ होतं. वाटेत दोनदा हात धुवायला गाडी थांबवली, तेव्हा तुम्ही सगळे हसलात.

मग दुकान आलं. जुन्या शेटची माळवदाची इमारत पाडून त्याच जागेवर त्यांच्या नातवानं, कल्याणनं, ते बांधलं आहे. सगळी काच. तुम्ही सगळे भराभरा आत गेलात. मी दार ढकलायला हात लावला, आतून गार वारा आणि अत्तरासारखा वास आला, गाण्याचा धडधडाट थेट छातीत बसला. आणि माझे पाय आपोआप चपलेतून बाहेर निघाले. चपला काढायची तिथं काही गरज नव्हती, सगळे चपला घालूनच जात होते. पण पाय निघाले, आणि मी बाजूच्या काळ्या फरशीच्या पायरीवर बसलो. म्हटलं, दम खाऊन जातो.

दारावरचा पप्पू वॉचमन पन्नाशीचा, मिशा रंगवलेला माणूस. मला म्हणाला, "बाबा, आत एसी हाय, इथं कशाला भाजून राह्यले?" मी म्हणालो, खोकला येतो. तो म्हणाला, "बसा मंग. पर तुम्ही दारात बसले की माझी नोकरी दोघांत वाटल्यावानी वाटते." मी हसलो. मग आम्ही दोघं येणारी-जाणारी माणसं पाहत बसलो. कॉलेजची पोरं-पोरी आल्या की दार ढकलून सरळ आत, बोलणंही न थांबवता. चाळिशीच्या बाया दारात पदर सारखा करायच्या, काचेत स्वतःला पाहायच्या आणि मग जायच्या. म्हातारी माणसं आली की आधी गाण्याकडं कान देत, मग चकचकीत फरशीकडं पाहत, मग आपल्या धुळीच्या पायांकडं. एक धोतरवाला राजूरकडचा होता, बायकोसाठी लुगडं घ्यायला आलेला. तो दारापाशी चांगला पाच मिनिटं उभा राहिला आणि समोरच्या टपरीवजा दुकानात निघून गेला. पप्पू म्हणाला, "रोजचंच हाय बाबा. जीन्सवाले आत, धोतरवाले परत. मला हाकलावं बी लागत न्हाई, गाणंच हाकलतं." त्याचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं, हे तुला खरं सांगतो. वाटलं, चला, माझ्यासारखे पुष्कळ आहेत, हे वयाचं दुखणं आहे. मी स्वतःला तेच समजावत होतो.

आत तुम्ही साडी समोर मांडून माझी वाट पाहत होता. काचेतून मला दिसत होतं. तुझा बाप दोनदा बोलवायला आला, मी म्हणालो येतो. मग तुझ्या मिथुनरावांचे काका मोठ्यानं म्हणाले म्हणे, "म्हाताऱ्याला सोयरीक पसंत न्हाई का काय? तसं असंल तर आत्ताच सांगा." ते मला नंतर कळलं. मला फक्त तू बाहेर येताना दिसलीस. तू म्हणालीस, "आबा, उठा. लोक बघून राह्यले." मी खोकल्याचंच सांगितलं. तू वाकून माझ्या चपला उचलल्यास आणि मी पप्पूसमोर, रस्त्यासमोर तुझ्यावर ओरडलो, "ठेव त्या खाली!" तेव्हा तू जे बोललीस ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "पणजोबांना त्यांनी पायरीवर बसवलं होतं. आम्हाला तुम्ही बसवलं." पांढरी साडी मग तुझ्या सासऱ्यांनी हात लावून काढली. लग्नात तू माझ्या पाया पडलीस, कारण फोटोवाला उभा होता.

पणजोबांची गोष्ट तुला भारतनं सांगितली आहे, ती मीच त्याला सांगितली होती. जुन्या दुकानात आत पांढऱ्या चादरीची गादी होती आणि माझा बाप बाहेरच्या पायरीवर बसायचा. शेटचा माणूस वरून कापड खाली टाकायचा. ते झेलायचं, हातानं चाचपायचं, नको असलं तरी नको म्हणायचं नाही, कारण हात लागलेला असायचा. मी सात-आठ वर्षांचा, बापाच्या मांडीला चिकटून बसलेलो. बापानं धर्म बदलला, गळ्यातला गंडा तोडला, घरातले देव नदीला सोडले, पण पायरी तेवढी राहिली होती. हे सगळं खरं आहे. पण मी बस्त्याच्या दिवशी यामुळं बाहेर बसलो नाही. ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आलो, कारण हिच्यात माझी काही चूक नाही.

दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. भारतलाही नाही. माझं लग्न होऊन महिना झाला होता. तुझी आजी परभणीत वाढलेली, तिचे वडील रेल्वेत गँगमन. ती सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढं. मी तिला साडी घ्यायला त्याच दुकानात घेऊन गेलो आणि सवयीनं पायरीवर बसलो. ती बसली नाही. तिनं चपला खाली नीट जोडीनं काढल्या, वर चढली आणि गादीवर मांडी घालून बसली. शेटला म्हणाली, ती वरच्या फळीवरची दाखवा. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती. शेटनं मान वर केली. अक्षता, शेटनं तोंड उघडलं नव्हतं. तो काही बोलला असता की फळीवरची साडी काढून तिच्यापुढं टाकली असती, हे मला आजपर्यंत ठाऊक नाही, कारण मी त्याला वेळच दिला नाही. मीच ओरडलो, "कांता, खाली उतर!" सगळं दुकान वळून पाहायला लागलं. ती उतरली. चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता एसटी स्टँडकडं चालू लागली. रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून तुझी आजी कापडाच्या दुकानात गेली नाही. कुठल्याच नाही. पन्नास वर्षं तिच्या साड्या मी आणल्या, कधी भारतनं, कधी तुझ्या आईनं. सगळे म्हणतात कांताबाई साधी बाई, तिला कशाची हौस नाही, द्याल ते नेसते. तुझ्या बस्त्याला ती आली नाही, तेव्हा गुडघे दुखत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती रानात काडीकचरा वेचायला गेली होती.

आता तुला कळेल. काचेतून मी तुला पाहत होतो. तू काउंटरवर कोपर टेकवून उभी होतीस, सेल्सवाल्याला हे काढा, ते काढा म्हणत होतीस, मन भरत नव्हतं तर सरळ नको म्हणत होतीस. कुणी तुला काही म्हणत नव्हतं. मी आत आलो असतो तर म्हणालो असतो, अक्षता, कोपर काढ. माझ्या तोंडात ते आलंच होतं. सोयऱ्यांसमोर, तुझ्याच बस्त्याला. म्हणून मी उठलो नाही. तू चपला उचलल्यास तेव्हाही तेच झालं, ते वाक्य तिकडं दाबलं तर इकडून बाहेर पडलं.

मागच्या मंगळवारी मी एकटा त्या दुकानात जाऊन आलो. या खेपेला चपला घालून गेलो. पप्पूनं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "बाबा, आज खोकला न्हाई वाटतं!" आत साड्यांचं काउंटर सोडलं तर सगळीकडं कपडे टांगलेले, कुणी उलगडून दाखवत नाही, आपणच ओढून पाहायचं. पोरांना ते आवडतं, कुणाची भीड नाही. मला हात लावायचं धाडस होईना. साड्यांपाशी सुरेखा नावाची मुलगी आहे, ती म्हणाली, "आजोबा, लावा हात, काई होत न्हाई." लावला. पण मी कापड पाहायला गेलो नव्हतो, मी खुर्ची पाहायला गेलो होतो. आख्ख्या दुकानात एक खुर्ची नाही. शेवटी कल्याणशेटला विचारलं. माणूस बोलायला चांगला आहे. म्हणाला, "खुर्च्या होत्या काका, काढल्या. म्हातारी मानसं दिवसभर बसून राहतात, घेत काई न्हाईत. गाणं मोठं ठेवलं की पोरं रमतात अन् बाकीचे आपोआप हलतात." हे त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं, हसत. माझा त्याला राग आला नाही, त्याला मी म्हातारा दिसलोच नसेन, गिऱ्हाईकही दिसलो नसेन. मी म्हणालो, एक आजारी बाई येणार आहे, तिच्यापुरती सोय करा. तो म्हणाला, बुधवारी दहाच्या आत या, तेव्हा गाणं लावलेलं नसतं, खुर्ची घरातून काढून ठेवतो. मग कॉम्प्युटरकडं वळून विचारलं, "नाव? आडनाव?" ते कशासाठी विचारलं मला कळलं नाही, सगळ्यांनाच विचारत असतील. तरी माझ्या तळपायांना घाम फुटला. पण पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, आजीचं.

अक्षता, तुझ्या आईबापानं तुला आजीच्या पोटाला सूज आहे एवढंच सांगितलं आहे. तू नवीन नोकरीत, नवीन घरात, म्हणून तुला सांगू नका असं त्यांचं म्हणणं. जालन्याच्या डॉक्टरांनी मात्र मला बाहेर बसवून भारतला आत बोलावलं, आणि तो बाहेर आला तेव्हा मला विचारावं लागलं नाही. कॅन्सर आहे, पसरला आहे, ऑपरेशन करत नाहीत. डॉक्टर महिना-दोन महिने म्हणतात. तिला कुणी सांगितलेलं नाही, पण ती माझ्यापेक्षा शिकलेली आहे. मी दुकानात गेलो त्याच्या दोन दिवस आधी सकाळी चुलीपाशी बसलेली असताना म्हणाली, मला एक साडी माझ्या हातानं निवडून घ्यायची आहे. मी एवढा घाबरलो की लगेच म्हणालो, आजच जाऊ, गाडी सांगतो. तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्यासंगं न्हाई. अक्षताला बोलवा." पन्नास वर्षांत त्या दिवसाबद्दल ती एवढंच बोलली. म्हणून हे पत्र. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही, मी त्या दिवशी मंठ्याला येणारच नाही, घरी म्हशीपाशी थांबेन. तिला बसायला खुर्ची आहे, गाणं बंद राहील, तिला घाई करू देऊ नकोस, तिला वीस दाखवायला लाव आणि वीसही नको म्हणू दे. पुढचा बुधवार जमला तर फार बरं, त्याच्या पुढचा मी धरून चालत नाही. येणार असशील किंवा नसशील, काय ते भारतच्या फोनवर लवकर कळव. ती रोज विचारते, पत्र टाकलं का, आणि तिला खोटं सांगायचं आता माझ्यानं होत नाही.

तुझाच आबा,
पुंजाराम