न वाजलेली शिट्टी

११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. तब्येत ठीक, भूक नाही, बाकी रेफरीला घरी विचारतो कोण?

रविवारच्या फुटबॉल मॅचमध्ये माझ्यादेखत एकाचा पाय मोडला. कारखान्यात सुतारकाम करतो, संघातही त्याला सुतारच म्हणतात. त्याने पास दिला आणि समोरच्या संघाच्या आडदांड बॅकने त्याच्या नडगीवर बूट घातला. धडधडीत फाउल. पण चेंडू सुताराच्या जोडीदाराला मिळाला होता आणि त्याच्यापुढे एकटा गोलकीपर. अशा वेळी खेळ थांबवला तर फाउल करणाऱ्याचंच फावतं. म्हणून आम्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवतो. याला अ‍ॅडव्हांटेज म्हणतात. चेंडू नीट ताब्यात आहे का, गोल किती लांब, वाटेत किती जण, मॅच किती तापली आहे, हे सगळं एका श्वासात ठरवायचं. दोन-तीन सेकंदांत काही हाती लागलं नाही तर शिट्टी मारून खेळ मागे आणायचा. आणि मार मोठा दिसला तर वाटच बघायची नाही.

मी वाट बघितली. जोडीदाराने चेंडू आभाळात मारला. इकडे शिट्टी नाही म्हणून सुतार उठला, चार पावलं धावला आणि गुडघ्याखाली त्याचा पाय भलतीकडेच वळला. डॉक्टर म्हणतात, लाथेने फक्त तडा गेला होता. मोडला तो धावल्यामुळे.

तुला म्हणून सांगतो, तडा गेल्याचा आवाज मी ऐकला होता. सोमवारी पंच समितीला अहवाल द्यायचा आहे. लाइन्समन म्हणतो, ते तेवढं लिहू नकोस, कोण विचारतंय?

तुझा,
धाकटा

१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद देते, पण चिडून. आवाज ऐकलास आणि मनाची समजूत घातलीस की पॅडचा असेल, बुटाचा असेल. हो ना? मला ही समजूत चांगली ओळखीची आहे. बाबांचा खोकला आपण दोघांनी दीड वर्ष असाच ऐकला. हवा बदलली की जाईल, म्हणत होतो. हवा चार वेळा बदलली. त्यामुळे तुला शहाणपण शिकवायचा मला काडीचा अधिकार नाही, तरी शिकवते.

त्या लाइन्समनला झेंड्यापुरताच ठेव. अहवालात खरं ते लिही. पण समिती काय, चहा-बिस्किटं खाऊन उठेल. आधी सुताराला सांग. तुझे मेव्हणे म्हणतात, सांगून काय त्याचा पाय जुळणार आहे? नाही जुळणार. म्हणून तर सांगायचं, नाहीतर डॉक्टरच पुरेसे होते.

जेवत जा. रागावले तरी माया आहेच, ती गृहीत धर.

तुझी ताई

२४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

अहवालात लिहिलं. अध्यक्षांनी ते वाक्य पट्टी ठेवून नीट खोडलं. म्हणाले, नियमात आवाजाचा उल्लेख नाही. वर माझा निर्णय नव्या रेफरींना नमुना म्हणून शिकवणार आहेत! मी आभार मानले. सवय, दुसरं काय.

सुताराकडे जायला मात्र मी समितीनंतरचा दिवस उजाडू दिला. पायात सळई घातली आहे. दिवसभर उभं राहून काम आता होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मला बघून तोच माझी समजूत काढायला लागला. दुसरा कोणी असता तर लगेच शिट्टी मारून मोकळा झाला असता, तुम्ही आम्हाला संधी दिलीत, आमचं ते गाढवच कमनशिबी, म्हणाला. त्याच्या बायकोने मला स्टूल दिलं.

मग मी सांगितलं.

त्याने विचारलं, शिट्टी तोंडात होती की हातात? मी म्हटलं, हातात. घाईने वाजू नये म्हणून आम्ही मुद्दाम हातातच धरतो. हातापासून तोंडापर्यंत अंतर किती, म्हणाला. मी म्हटलं, हातभर. त्याने स्वतःच्या बोटांपासून कोपरापर्यंत नजर फिरवली, माप बरोबर असल्यासारखी मान हलवली आणि बायकोला सांगितलं, साहेबांना दारापर्यंत सोड.

तिने सोडलं.

हे वाचून तू इकडे धावत येऊ नकोस. माया गृहीत धर म्हणालीस, ती धरतो. दुसरं काही धरवत नाही, शिट्टीसुद्धा.

धाकटा