नऊ नंबरचं रक्त

९ फेब्रुवारी
अकरा माणसं जमवली! माझ्या कॉलेजातल्या प्रियदर्शनीला तिच्या संशोधनासाठी चाळिशीच्या वरच्या धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. मी अख्खं नांदगाव पालथं घातलं. सरांशी भांडून कॉलेज सोडल्यापासून एवढं काम माझ्या हातून झालं नव्हतं. आई म्हणालीच, घरचं काम सांगतलं का याचे पाय दुखते.

नववे आमचे बाबा. काका, काही आजार? — तिनं विचारलं. बाबा म्हणाले, काईच नाही.

नळ्या काळ्या कागदात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात, मीच गाडीवर अमरावतीला नेल्या. हळू चालव म्हणाली. रक्ताच्या काळजीनं की माझ्या?

११ फेब्रुवारी
तिची प्रयोगशाळा पाहिली. अंधारी खोली. रक्तातल्या पाण्यावर जांभळा प्रकाश टाकला की ते स्वतःच मंद उजळतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरात हे उजळणं बदलतं का, ते ती शोधून राहिली. हा कॅन्सर फार उशिरा कळतो म्हणे. यावरून अजून कुणाचं निदान करत नाहीत, हे तिनं तीनदा बजावलं. बाकीचं निम्मं मी ऐकलंच नाही. तिच्या गालावर तो उजेड पडला होता.

१४ फेब्रुवारी
गुलाब घेतला. आईला दिला.

१९ फेब्रुवारी
भांडण. नऊ नंबरचं रक्त वेगळंच उजळतं — आजारी लोकांच्या रक्तासारखं. तिचे सर म्हणाले, वाटेत खराब झालं असेल, काढून टाक. तर ती मलाच विचारते, डबा उन्हात ठेवला होता का? अरे, मी बडनेऱ्याला चहासुद्धा प्यालो नाही! "तुले माह्यावर भरोसाच नाही," म्हणालो आणि निघून आलो.
तिचा फोन तीनदा. उचलला नाही.

२२ फेब्रुवारी
आज फोनही नाही.

२३ फेब्रुवारी
बाबा जानरावकडून आले. त्यांचं पोट वरच्या अंगाला दुखतं, कळ पाठीत निघते. जानराव पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालतो, सरकलेली बेंबी जागेवर बसवतो. दिवाळीपासून ही सहावी खेप. पँट ढगळ झाली आहे त्यांची. आम्ही कुणी हे आजारात धरलंच नाही. बेंबी सरकणं म्हणजे काय बिमारी?

आणि जेवता जेवता घास हातातच राहिला. नववे — बाबा.

डबा मी उन्हात ठेवला नव्हता. रक्त खराब झालं नव्हतं.
ठेवला असता तर किती बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी
सकाळीच तिच्या होस्टेलवर गेलो. सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकवेल. तिनं बाबांचं दुखणं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "माह्या मशीनच्या भरोशावर जाऊ नको. पण हे दुखणं बेंबीचं नाही. उद्याच अकोल्याले नेऊ, सीटी स्कॅन करू." नेऊ म्हणाली! मी रडलो तिथंच, गेटवर, वॉचमनसमोर. तिनं हात धरला. पहिल्यांदा.

बाबा यायला तयार, पण जानरावला वाईट वाटेल म्हणून मोठ्या डॉक्टरचं नाव काढू नको म्हणतात.

२७ फेब्रुवारी, अकोला
गाठ आहे. लहान आहे. डॉक्टर म्हणाले, अजून काढता येते, काढल्यावर पुढचं कळेल. बाबांनी मान डोलावली, जसं काही दुसऱ्याचंच ऐकताहेत. आई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. प्रियदर्शनी तिच्याजवळ. आईनं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं.

३ मार्च, अकोला
उद्या ऑपरेशन. फॉर्मवर मी सही केली. साक्षीदार म्हणून तिची. सहीपुढं रकाना — रुग्णाशी नातं. तिचं पेन थांबलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

बाबा खाटेवरून म्हणाले, "लिव ना पोरी. घरची."

तिनं लिहिलं.